गरजेला चैन अन् धोक्याला काटकसर म्हणणं थांबवा



आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. पिकाचं थोडक्यात सांगतो. कापसाची वेचणी चालू आहे, तुरीच्या शेंगा भरायल्यात, हरभरा चांगला धरलाय. घाटे अळीवर पुढच्या वेळी लिहीन.

आमची पिकअप जुनी आहे, पंधरा वर्षं उलटली. इंजिन धडधाकट आहे म्हणून विकत नाही. या थंडीत तिच्या दोन्ही सीटच्या कव्हराखाली मी गरम होणाऱ्या गाद्या बसवल्या. सोबत एक वेगळी वीजलाईन मागं हौद्यापर्यंत नेली. पहाटे भाजी भरताना दिवा लागतो, मोबाईल चार्ज करायचा असतो, त्यासाठी. एवढंच केलं. पण ही बातमी गावात सोयाबीनच्या भावापेक्षा जोरात फिरली.

लोक दोन गोष्टी बोलले. पहिली, "शेतकऱ्याला गरम सीट कशाला? पैसा लई झाला वाटतं." दुसरी, "एवढ्याशा कामाला फ्यूज, रिले, जाड वायर कशाला? बॅटरीवरून दोन वायरी ओढायच्या अन् मोकळं व्हायचं." गंमत म्हणजे दोन्ही गोष्टी बोलणारी माणसं तीच. म्हणजे ऊब मागितली की उधळपट्टी, आणि आग लागायची सोय ठेवली की हुशारी. हे उलटं गणित फक्त माझ्या गाडीपुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण आपल्या निम्म्या गाड्या, ट्रॅक्टर, मोटारी याच गणितावर चालायल्यात. म्हणून लिहायलोय.

आधी थंडीचं बोलू. बाहेरच्या माणसाला मराठवाडा म्हणलं की फक्त ऊन आठवतं. आपल्याला ठाऊक आहे की उन्हाळ्यात चाळीसच्या वर भाजणारी हीच परभणी डिसेंबर-जानेवारीत गोठवते. कृषी विद्यापीठातल्या हवामान केंद्राचा आकडा पेपरात येतो, काही वर्षी तो पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. आता त्या पाच-सहा अंशांत रात्री दोनला मेथी, कोथिंबीर, फुलकोबी भरून नांदेडला निघणारा माणूस डोळ्यासमोर आणा. आधी दोन तास तो दवात भिजलेली भाजी उचलतोय. पायजमा ओला, हात बधिर. मग रेक्झिनच्या गारढोण सीटवर बसतो. जुनी गाडी, दाराची रबरं गेलेली, काच पूर्ण वर जात नाही. पुढं तास-दीड तास हाच माणूस समोरून येणाऱ्या ऊसाच्या ट्रॉल्या चुकवत गाडी चालवणार. ट्रॉलीला मागं लाल दिवा असेलच याची खात्री नाही.

या माणसाच्या कमरेला ऊब मिळाली तर ती चैन कशी काय होती, हे मला कुणी समजावून सांगावं. आखडलेल्या कमरेचा अन् बधिर पायाचा माणूस ब्रेक उशिरा दाबतो. कंबर आखडली की शेकायची, हे आपल्या आज्जीलाबी ठाऊक होतं. विटकर तापवून फडक्यात गुंडाळून ती काय चैन करत होती का?

दुसरीकडं याच लोकांच्या गाड्या बघा. टपावर दोन मोठ्या एलईडी पट्ट्या, समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्या. आत निळे-हिरवे दिवे. सीटमागं खोकं भरून स्पीकर. चार आवाजांचा हॉर्न. याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही, हौस म्हणतात. हौसेला माझा विरोध नाही. पण दुसऱ्याला दिसतं ते चालतं अन् आपल्या अंगाला लागतं ते चालत नाही, हा कुठला न्याय? शेतकऱ्यानं अंग झिजवलं तरच तो खरा शेतकरी, हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय की आपणच एकमेकांची ऊब मोजायलोत.

थोडं जगाकडं बघू. सीट गरम करायची सोय काल-परवाची नाही. अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीनं १९६६ च्या गाड्यांत ती जादा पैशात द्यायला सुरुवात केली. ती श्रीमंताची गाडी होती, खरं आहे. पण १९७२ साली स्वीडनच्या साब कंपनीनं ड्रायव्हरची सीट गरम होणारी गाडी जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. थंड देशात गाडी चालवणाऱ्याला ते लागतंच, असा हिशोब. १९७२ हे साल आपल्याला वेगळ्या कारणानं आठवतं. त्याच वर्षी परभणीला कृषी विद्यापीठ झालं आणि त्याच वर्षी दुष्काळात आपली माणसं खडी फोडायला गेली. त्या माणसांनी ऊब मागितली नाही, कारण त्यांना भाकर मिळत नव्हती. म्हणून त्यांच्या नातवंडांनीही मागू नये, असा त्याचा अर्थ होत नाही.

कुणी म्हणेल, आमचा बाप बैलगाडीत गोणपाट पांघरून मोंढ्याला जात होता, त्याला कुठं गरम सीट होती? बरोबर आहे. माझाही जात होता. पण बापाला डुलकी लागली, अंग आखडलं, तरी बैल रस्ता सोडत नव्हते. बैलाला घर माहीत होतं. पिकअप साठच्या वेगानं जाती अन् तिला घर माहीत नाही. बैलगाडीची सोशिकता पिकअपमध्ये आणली की माणूस मरतो.

आता विरोधकांच्या दोन मुद्द्यांत दम आहे, तो मान्य करून पुढं जातो. एक, फार ऊब लागली की झोप येती. खरं आहे. म्हणून गादी बारीकवर ठेवायची, अंग सैल झालं की बटण बंद करायचं, आणि झोप आलीच तर गाडी बाजूला लावून चहा प्यायचा. ऊब ही झोपेवरचं औषध नाही. दुसरा मुद्दा, गोधडीनं काम भागत असेल तर खर्च कशाला? भागत असेल तर करूच नका. आधी दाराची रबरं बदला, रेक्झिनवर जाड सुती कव्हर घाला. गाडीत कंपनीचा हीटर असून बंद पडलेला असेल तर आधी तो दुरुस्त करा. तो इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो, विजेचा भार फक्त पंख्याचा. एवढं करून कंबर थंडच राहत असेल तर गादी बसवा.

इथपर्यंत चैनीचं झालं. आता काटकसरीकडं येतो, कारण खरा जीव तिथं अडकलाय.

"बॅटरीवरून दोन वायरी ओढायच्या" म्हणजे काय, ते समजून घ्या. पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची असते, म्हणून लोकांना वाटतं ती गरीब गाय आहे. हात लावला तर शॉक बसत नाही, हे खरं. पण तीच बॅटरी स्टार्टर फिरवताना दोन-दोनशे अँपिअर अन् त्याहून जास्त देती. घरातल्या १५ अँपिअरच्या जाड पिनच्या सॉकेटला आपण "पॉवरचं" म्हणतो, त्याच्या दसपटीहून हा जास्त. आता त्या बॅटरीच्या प्लसवरून एक बारीक वायर निघाली, बॉनेटमधून पत्र्याच्या भोकातून केबिनमध्ये आली. खडबडीत रस्त्यावर गाडी थरथरती, पत्र्याची धार रोज थोडी थोडी वायरीचं प्लॅस्टिक खाती. सहा महिन्यांनी, वर्षानं तांबं पत्र्याला टेकतं. पत्रा म्हणजेच मायनस. मधे फ्यूज नसेल तर बॅटरी आपला सगळा जोर त्या बारीक वायरीतून काढती. वायर काही सेकंदांत लाल होती. तिच्या शेजारी सीटचा फोम, प्लॅस्टिक, रेक्झिन, ऑईलचं फडकं. अन् गाडी त्या वेळी कुठं असती? कधी रस्त्यावर, कधी गोठ्याजवळ, कधी कडब्याच्या गंजीला लागून, कधी कापूस भरलेल्या खोलीच्या दारात.

आमच्या शिवारात एक गाडी अशीच गेली. नाव सांगत नाही, दुखावलेल्या माणसाला आणखी दुखवायचं नाही. रात्री अंगणात उभी होती, चावीसुद्धा काढलेली होती. म्युझिकची वायर सरळ बॅटरीला जोडलेली. चावी काढून काय उपयोग, ती वायर चावीला विचारतच नव्हती. माणूस वाचला, बैल वाचले, गाडीचा सांगाडा राहिला. लोक म्हणाले, नशीब. मी म्हणतो, नशीब कशाला, दहा-वीस रुपयांचा फ्यूज नव्हता.

आता मला सांगा, हे आपल्याला नवीन आहे का? डीपीवर काय होतंय? फ्यूज उडतो, लाईट जाती. कुणीतरी जातो अन् फ्यूजच्या तारेजागी बोटाएवढी जाड तार आवळून येतो. "आता उडत नाही बघा." उडत नाही, बरोबर. आता तार उडत नाही, डीपी जळतो. मग ऐन गव्हाच्या पाण्यात नवीन डीपीसाठी आठ-पंधरा दिवस चकरा. वाचवले किती, अन् गेलं किती? बियाण्याला बीजप्रक्रिया करायला किलोमागं थोडाच खर्च येतो, तो वाचवून मूळकूज घेतल्यावर आपण किती हळहळतो. फ्यूज म्हणजे वायरीची बीजप्रक्रिया आहे. रोग आल्यावर करायची नसती, आधी करायची असती.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. फ्यूज सीटला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. म्हणून तो सीटजवळ नाही, बॅटरीजवळ लागतो. प्लसच्या टोकापासून एक वीतभर अंतरात. फ्यूज सीटजवळ लावला तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सगळी वायर उघडीच राहिली, तिथं टेकली तर कोण वाचवणार?

आता हिशोब करू. मी दहावी पास आहे, हा हिशोब दहावीचाच आहे. वॅटला व्होल्टनं भागलं की अँपिअर निघतो.

माझी एक गादी ४५ वॅटची. दोन झाल्या ९०. भागिले १२ केलं की साडेसात अँपिअर. गाडी चालू असताना बॅटरीवर १२ नाही, १४ च्या आसपास व्होल्ट असतात, तेव्हा गादी आणखी थोडा करंट ओढती, पावणेनऊपर्यंत. फ्यूजला थोडी मोकळीक लागती, नाहीतर तो विनाकारण उडतो. म्हणून १५ चा फ्यूज, निळा. चपट्या फ्यूजला रंग ठरलेले आहेत. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. निळा उडाला म्हणून हिरवा घालणारे बहाद्दर लई आहेत. तसं करायचं नाही. दुसऱ्यांदा उडाला तर कुठंतरी दुखणं आहे, ते शोधायचं.

हौद्याच्या लाईनवर दिवा अन् मोबाईल मिळून ४० वॅट, म्हणजे सव्वातीन अँपिअरच्या आसपास. तिला वेगळा ५ चा फ्यूज. दोन कामं एका फ्यूजवर घालायची नाहीत. दिव्याची वायर बिघडली तर सीट बंद पडू नये अन् कुठं बिघडलं तेही कळावं.

आता वायर. इथं खरी चोरी होती. दुकानदार विचारतो, "कोणती देऊ?" आपण म्हणतो, "दे कोणतीबी." एक चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर घेतली, बॅटरीपासून सामानापर्यंत पाच मीटर, अन् परतीचीही तेवढीच, एकूण दहा मीटर धरा. तिच्यातून १० अँपिअर गेले तर पावणेदोन व्होल्टच्या आसपास वायरीतच मरतात. बारातून पावणेदोन गेले, सामानाला राहिले सव्वादहा. अन् मेलेले व्होल्ट कुठं जातात? वायर गरम करण्यात. सीट गरम करायची तर आपण वायर गरम करायलोय. तीच वायर अडीच चौरस मिलीमीटरची घेतली तर तोटा पाऊण व्होल्टच्या आत येतो. म्हणून अडीचची घ्या. बारीक बारीक तारांची, गाडीसाठी मिळती ती. घराच्या फिटिंगमधली उरलेली एकेरी तारेची वायर गाडीत घालू नका. थरथरीनं ती आतल्या आत तुटती, वरून दिसत नाही.

मग रिले. आपण म्हणतो ना, जगात जर्मनी, भारतात परभणी. तर जर्मनीची एक कामाची गोष्ट परभणीत आणा. गाडीच्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ते जर्मन मानकातून आलेत, अन् जगभरातल्या बहुतेक रिलेंवर तेच दिसतात. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर. ८७ वरून सामानाकडं जाणारी. ८५ अन् ८६ म्हणजे आतल्या चुंबकाची दोन टोकं, एकाला मायनस अन् दुसऱ्याला चावी लावल्यावरच लाईट येती अशी वायर, मधे आपलं बटण. ही वायर गाडीच्या मूळ फ्यूजपेटीतून फ्यूजनंतरची घ्यायची. झालं. चावी काढली की रिले सुटला, गादी बंद. आपल्या मोटारीच्या स्टार्टरसारखंच आहे हे. बटणातून थोडीच वीज जाती, खरा भार दुसरीकडून जातो. शेतकऱ्याला हे अवघड आहे म्हणणाऱ्यानं शेतकऱ्याला रात्री बॅटरीच्या उजेडात स्टार्टर उघडून बसलेला बघितलेला नाही.

याच रिलेवरून दुसरं सांगतो. समोरच्या दिव्यात कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. लोक १००/९० चा घालतात, वायर तीच, बटण तेच. दीडपटीहून जास्त करंट जुन्या बटणातून. मग बटण वितळतं अन् रात्री चालत्या गाडीचे दोन्ही दिवे जातात. उजेड कमी वाटत असेल तर आधी काच पुसा, वायरीची टोकं घासा. निम्मा उजेड तिथंच सापडतो.

गाडी जुनी आहे, अल्टरनेटर झेपवील का? हा प्रश्न बरोबर आहे अन् याचं उत्तर अंदाजानं द्यायचं नसतं. अल्टरनेटरवरच्या पट्टीवर अँपिअर लिहिलेले असतात, ते वाचा. मग आपली बेरीज करा. समोरचे दिवे ११०, मागचे अन् मीटरचे मिळून ४०, गाणी ४०, दोन गाद्या ९०, मोबाईल २०. झाले ३००. भागिले १२, म्हणजे २५ अँपिअर. न्यूट्रलला उभी गाडी पट्टीवरच्या आकड्यापेक्षा बरंच कमी देती, हे धरून चाला. शेवटी मीटर लावा. सगळं चालू करून, गाडी चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर साडेतेराच्या वर दाखवतंय तर काळजी नाही. तेराच्या खाली उतरायलं तर बॅटरी खर्च व्हायली, भार कमी करा. अन् टपावरच्या त्या दोन एलईडी पट्ट्या शंभर-शंभर वॅटच्या असतील तर त्या एकट्या २०० वॅट खातात. माझ्या दोन्ही गाद्यांच्या दुपटीहून जास्त. गरम सीटनं बॅटरी उतरल म्हणणाऱ्यांनी मान वर करून आपल्या टपाकडं बघावं.

बाकी काम साधं आहे. बॅटरीचा मायनस आधी सोडा, मग हात घाला. पत्र्यातून वायर जाती तिथं रबराचं बूच घाला. पूर्ण वायर फ्लेक्झिबल पाईपमधून न्या, सायलेन्सरपासून अन् डिझेलच्या नळीपासून लांब बांधा. जोड पिळून टेप गुंडाळायचा नाही, थिंबल दाबून वर आकसणारी नळी चढवायची. टेपचा डिंक मे महिन्यात वितळतो, हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको. मायनस पत्र्याला देताना रंग खरडून बोल्ट आवळा. गादी दुमडू नका, तिच्यावर गुडघा टेकून सामान काढू नका, अन् तापमान आपोआप तोडणारी असेल तीच घ्या. ज्यांना साखरेच्या आजारानं किंवा मणक्याच्या दुखण्यानं कमरेखाली बधिरपणा आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नका. चटका बसला तरी कळत नाही, तासभरात कातडी भाजती. फ्यूज, रिले, वायर, पाईप, थिंबल सगळं मिळून हजाराच्या आत बसतं. एका क्विंटल सोयाबीनला कमी भाव लागला तर याहून जास्त जातं, अन् तेव्हा आपण "चालायचंच" म्हणतो.

वायरमन मंडळींना एक सांगायचंय. रागावू नका. "चालतंय की" हा शब्द तुमच्या टपरीवरून काढून टाका. दिवा लागला म्हणजे काम झालं असं नाही. पेटलं नाही म्हणजे बरोबर आहे, असंही नाही. गिऱ्हाईक शंभर रुपये कमी कर म्हणलं तर मजुरीत कमी करू नका अन् फ्यूजही काढू नका. त्याला सांगा, फ्यूजशिवाय मी काम करत नाही. दोन गिऱ्हाइकं जातील, दहा येतील. अन् गिऱ्हाइकांनो, तुम्हीही वायरमनची मजुरी घासून त्याच्याकडून जर्मनीचं काम मागू नका.

आता साहेब लोकांना. हे पान कृषी विभागाचे, विद्यापीठाचे बरेच जण वाचतात, म्हणून मुद्दाम लिहितो. तुम्ही आम्हाला बीजप्रक्रिया शिकवली, ठिबक शिकवलं, फवारणीला मास्क घाला म्हणून सांगितलं. ते आमच्या भल्याचं होतं, मान्य. पण पीक निघाल्यापासून मोंढ्यात पोचेपर्यंतचा जो रात्रीचा रस्ता आहे, त्याच्याबद्दल मेळाव्यात कुणी बोलत नाही. परभणीत विद्यापीठाचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विद्यार्थी अवजारं, ट्रॅक्टर शिकतात. मेळाव्यात एक टेबल टाका, एक जुनी बॅटरी, एक फ्यूज, एक बारीक वायर. फ्यूज लावून शॉर्ट करून दाखवा, मग सगळ्यांना लांब उभं करून बिनफ्यूजची वायर लाल झालेली दाखवा. पाच मिनिटांत जे कळंल ते माझ्या या लांबलचक लिहिण्यानं कळणार नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागचा दिवा कसा जोडायचा तेही त्याच टेबलावर दाखवा. भाजीची गुणवत्ता वाढवा म्हणता, वाढवू. पण ती घेऊन जाणाराही शाबूत पोचला पाहिजे.

काही तरुण पोरं म्हणतील, काका, जुनी गाडी काढा अन् नवीन घ्या, सगळं कंपनीचंच येतं. बाबांनो, हप्ता काय असतो ते भरल्याशिवाय कळत नाही. कापसाच्या भावाचा भरवसा नसताना चालू इंजिन भंगारात द्यायचं अन् डोक्यावर पाच वर्षांचं कर्ज घ्यायचं, याला मी शहाणपण म्हणत नाही. जुन्या गाडीला नीट वायरिंग केलं तर ती नव्याइतकीच सुरक्षित वीज देती. जुनी असणं हा गाडीचा दोष नाही. बिनफ्यूजची असणं हा दोष आहे, अन् तो मालकाचा आहे.

तर माझं म्हणणं एवढंच. ज्या कामात माणसाचं अंग शाबूत राहतं त्या खर्चाला चैन म्हणू नका. ज्या बचतीत घर, गोठा, गाडी पणाला लागते तिला काटकसर म्हणू नका. आपल्या शब्दांची अदलाबदल झाली आहे, ती आधी सरळ करू. वायरी मग आपोआप सरळ होतील.

आज-उद्या एक काम करा. गरम सीट बसवा, नका बसवू, तुमची मर्जी. पण गाडीचं, ट्रॅक्टरचं बॉनेट उघडा अन् बॅटरीच्या प्लसवर किती वायरी आवळल्यात ते मोजा. स्टार्टरची जाड केबल अन् कंपनीची मूळ वायर सोडली, तर बाकी प्रत्येक वायरीवर वीतभर अंतरात फ्यूज आहे का बघा. नसेल तर त्या वायरीचं टोक सोडून ठेवा अन् फ्यूज आणल्यावरच परत जोडा. बोलक्या पारावर मला हसायचं असेल तर खुशाल हसा, पण हे बघून मग हसा.

पटलं तर दुसऱ्याला सांगा. नाही पटलं तर कुठं चुकतंय ते आकड्यानिशी सांगा, मी ऐकायला तयार आहे.

राम राम.